डावा कान आणि माझी बहीण मंगला

मागच्या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळात हळदीकुंकू होतं. बंगळूरमध्ये घराबाहेर मराठी बोलायला मिळतं ते अशाच ठिकाणी, म्हणून मी जाते. कोपऱ्यात बसते, उजवा कान लोकांकडे करून. तिथे एक तरुण बाई वाण घ्यायला पुढे आली. तिच्या डाव्या कानात कापूस होता आणि त्यावर केस ओढून घेतलेले होते. मी हळूच विचारलं, “कान फुटलाय का?” ती हसली आणि म्हणाली, “नाही हो, पिन लागली.”

मला पुढे काही बोलता आलं नाही. आजूबाजूला बायका होत्या, तिची सासूही असावी. ती तिळगूळ घेऊन निघून गेली. तिचं नाव मला माहीत नाही. मला तिला जे सांगायचं होतं ते इथे लिहिते आहे. डॉक्टरी पुस्तकातलं मला काही कळत नाही. माझ्या बाबतीत जे घडलं तेवढंच सांगते.

एकाच मांडवात

आम्ही निपाणीच्या. वडिलांचं शिंपीकाम. थोरली मी, माझं नाव कुसुम; मंगला धाकटी. बंगळूरच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, शिलाईच्या सामानाचं दुकान असलेल्या घरातून मागणी आली. बटणं, चेन, अस्तर, दोऱ्याची रिळं. तीन पिढ्या तिथेच राहिलेली माणसं. घरात मराठी बोलायची, पण त्यात निम्मे शब्द कन्नड. दोन भाऊ लग्नाचे होते. थोरल्या रघुनाथला मी आणि धाकट्या दत्ताला मंगला, अशी एकाच मांडवात लग्नं लागली. आई सगळ्यांना सांगत होती, “दोघी एका घरात. एकमेकींना आधार.”

आम्हा दोघींचा स्वभाव लहानपणापासून वेगळा. शाळेत बाईंनी मारलं तर मी हात पुढे करायचे, मंगला हात मागे बांधायची. मला कोणाचा चेहरा उतरलेला बघवत नाही. समोरच्याला काय हवंय ते मला आधी कळतं आणि मी ते करून मोकळी होते. मंगलाला कोणी “बस” म्हटलं की ती उभी राहते.

मारायला दोघेही भाऊ मारत. दत्ता आरडाओरडा करून मारायचा. रघुनाथचा आवाज कधी चढला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला तो “या ताई, बसा ताई” करायचा, त्याच आवाजात घरी “इकडे ये” म्हणायचा.

मी स्वतःला कशी वाचवत होते ते सांगते. माझा सगळा जीव कानात असायचा. स्कूटर स्टँडवर लावताना आवाज कसा झाला, चपला कशा काढल्या, जिन्यावर पाय मोजून पडतोय की सलग, त्यावरून मला समजायचं. मग त्याप्रमाणे मी आधीच पाणी पुढे करायचे, नाहीतर माळ्यावर काहीतरी शोधायला जायचे. मंगला याच्या उलट. दत्ताने हात उगारला की ती आधी खिडकी उघडायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं कन्नडमध्ये ओरडायची, “या, बघायला या! मोठ्या दुकानाचे मालक बायकोला कसं मारतात बघा!” एकदा तिने त्याला पितळी तांब्या फेकून मारला. त्यावर त्याने तिला जिन्यावरून ढकललं. समोरच्या घरातल्या बाईने टीव्ही मोठा केला.

आई निपाणीहून यायची तेव्हा मला म्हणायची, “तू जरा तोंड उघडायला शीक. सगळं सोसतेस म्हणून चढतात.” आणि मंगलाला म्हणायची, “तू जरा तोंड आवर. उलट बोलतेस म्हणून मारतात.” दोघींना एकाच ओसरीवर, एकाच दुपारी. आम्ही एकमेकींकडे बघायचो. आईचंही काय चुकलं? तिच्याकडे दुसरं काही द्यायला नव्हतं.

मिक्सर

नव्वदीची पहिली वर्षं, म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी मी चटणी वाटत होते. मिक्सरच्या आवाजात रघुनाथने मारलेली हाक मला ऐकू आली नाही. तो स्वयंपाकघरात आला, बटण बंद केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “बहिरी आहेस का?” आणि उघड्या तळहाताने कानाखाली दिली.

मार मला नवीन नव्हता, पण हे वेगळं होतं. कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं, कापड फाटतं तसं. नंतर बोटाला पाणी लागलं, थोडं रक्त. मी चटणी वाटून पूर्ण केली.

पुढे कान वाहायला लागला. थांबायचा, पुन्हा वाहायचा. न्हाताना पाणी जायचं. उशीला वास यायचा आणि मला त्या वासाची लाज वाटायची, म्हणून मी उशीचा अभ्रा रोज धुवायचे. सासूबाई म्हणाल्या, लसणीचं तेल घाल. घातलं. त्याने आणखी चिघळलं. शेवटी कानामागे सूज आली, ताप भरला आणि मंगलाने दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर रघुनाथला विचारलं, “हिला दवाखान्यात नेताय की मी नेऊ?” तेव्हा तो उठला.

हे वाचणारीला एवढंच सांगते, तेल घालू नकोस. कान कोरडा ठेव आणि लवकर जा.

तपासणीचा दिवस

मोठं सरकारी इस्पितळ. बाकावर सगळे एका बाजूला मान झुकवून बसलेले. डॉक्टर वयस्क होते, कपाळाला आरसा बांधलेला. रघुनाथ माझ्या खुर्चीमागे उभा होता. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, “काय लागलं होतं?”

“पिन,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा बघितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “नवरा उजव्या हाताचा आहे ना?”

मला समजलं नाही. ते म्हणाले, “समोरून उजव्या हाताने मारलं की डावा कान फुटतो. पिनेने पडदा असा फाटत नाही.”

मागे रघुनाथ आहे, त्याचा चेहरा मला दिसत नाहीये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो हसला. “सर, ती स्वभावाने घाबरट आहे. स्वल्प काही झालं तरी मनाला लावून घेते.”

डॉक्टर लिहीत राहिले. पडदा फाटलेला होताच, सडका भाग कानामागच्या हाडात शिरला होता, ऑपरेशन करावं लागणार होतं. उशीर केला तर मेंदूपर्यंत जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कागद रघुनाथच्या हातात देताना म्हणाले, “कानाला पाणी लागू देऊ नका. आणि हातही लागू देऊ नका.”

“सरी, डॉक्टर, बरं,” रघुनाथ म्हणाला.

पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. झालं. मला वाटत होतं, कोणाला तरी कळलं की काहीतरी होईल. डॉक्टरांना कळलं होतं आणि काहीच झालं नव्हतं. परतताना रिक्षात मी बाराखडी म्हणावी तशी मनात एकच गोष्ट म्हणत होते, मी काही सांगितलं नाही, मी काही सांगितलं नाही. घरी आल्यावर रघुनाथने स्वतः पाणी आणून दिलं आणि म्हणाला, “मला काय माहीत गं, तुझा कान एवढा नाजूक आहे ते.”

काचेची खोली

ऑपरेशनच्या आधी ऐकण्याची तपासणी करतात. एक लहानशी खोली असते, भिंतींना जाड गादी लावल्यासारखी, आणि एक काच. कानावर हेडफोन लावतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे लीना नावाची मुलगी बसली होती, मंगळूरकडची, हसऱ्या डोळ्यांची.

उजवा कान पटकन झाला. डावा सुरू झाला तशी शांतता वाढत गेली. मी लीनाकडे बघत होते. ती खाली मशीनकडे बघायची, मग माझ्याकडे. तिच्या भुवया जरा वर गेल्या की मला वाटायचं, आता आवाज दिला असेल. मी बटण दाबायचे. तिचा चेहरा पडला की वाटायचं, चुकलं, पुढच्या वेळी लवकर दाबू.

थोड्या वेळाने ती उठून आत आली. माझ्या उजव्या बाजूला उकिडवी बसली.

“अक्का, आता मी आवाज दिलाच नव्हता. का दाबलंत?”

“तुम्ही माझ्याकडे बघितलंत ना, म्हणून वाटलं...”

“माझ्यासाठी दाबू नका. ऐकू आलं तरच दाबा. नाही आलं तर बसून राहा. मला राग येणार नाही.”

मला रडू फुटलं. तिला वाटलं, कान गेला म्हणून रडते आहे. मी त्यासाठी रडत नव्हते. ऐकू आलं नाही तर नुसतं बसून राहायचं, आणि त्याचा कोणाला राग येणार नाही, हे मला लग्न झाल्यापासून कोणी सांगितलं नव्हतं. लीनाने खुर्ची वळवून माझी पाठ काचेकडे केली आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी मी बराच वेळ बटण दाबलं नाही.

वॉर्ड

ऑपरेशनच्या दिवशी कानाच्या मागचे केस काढले. वेणीचा अर्धा भाग गेल्यासारखं वाटलं. शुद्धीवर येत असताना कोणीतरी वरून ओरडत होतं, “दात दाखवा! डोळे घट्ट मिटा!” चेहऱ्याची नस शाबूत आहे की नाही ते बघतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, ही माणसं माझ्यावर रागावलीत. मी दात दाखवले, डोळे मिटले, पुन्हा दात दाखवले. नर्स म्हणाली, “पुरे, पुरे अम्मा.”

डोक्याभोवती पट्टी. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही. पहाटे तापमान, मग पाव-दूध, मग डॉक्टरांची फेरी. ती आली की पलंगाखालच्या पिशव्या झटपट आत ढकलायच्या. दुपारी आया पुसून घ्यायची. मुनियम्मा तिचं नाव. ती माझ्याशी बोलायला नेहमी वळसा घालून उजव्या बाजूला यायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. अशा बारीक गोष्टींवर तिथे दिवस जातो.

रघुनाथ संध्याकाळी यायचा. संत्री आणायचा आणि शेजारच्या पलंगांवरही वाटायचा. नर्सला “सिस्टर, जेवलात का?” म्हणायचा. वॉर्डातल्या बायका मला म्हणायच्या, “नशीबवान आहेस.” मी मान हलवायचे. पट्टीमुळे मान हलवताना दुखायचं.

मंगला दुपारी यायची, डबा घेऊन. अशाच एका दुपारी कॉलेजातली एक मुलगी आली. मानसशास्त्र शिकत होती. घरात मारहाण झालेल्या बायका त्यातून कशा तरतात आणि त्याचा त्यांच्या स्वभावाशी काय संबंध असतो, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. डॉक्टरांनीच तिला माझ्याकडे पाठवलं होतं. म्हणजे पिनेवर कोणाचाच विश्वास बसला नव्हता. मुलगी चांगली होती, घाबरत घाबरत विचारत होती. स्टूल ओढून बसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “मी वाक्यं वाचते, तुम्ही हो किंवा नाही म्हणा.”

“मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं.”

“हो,” मी म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून.

“मला लहानसहान गोष्टींची काळजी लागते.”

“हो.”

“मी दुसऱ्यांशी पटकन भांडते.”

“हो,” मी म्हणाले.

मंगला डब्याचं झाकण लावत होती. ती हसायला लागली. “हिचं काय लिहून घेतेस? ही सगळ्याला हो म्हणते. तू आता म्हण, मी हत्ती आहे. म्हणेल हो.”

मुलगीही हसली. मग तिने मंगलाकडे बघितलं. मंगलाच्या दंडावर ब्लाउजच्या बाहीखालून हिरवट-पिवळा डाग दिसत होता. मुलीने आवाज हळू करून विचारलं, “तुम्हालाही... घरात...?”

मंगलाचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. “मला? मला काय धाड भरलीय? माझ्यावर हात टाकायची कोणाची छाती आहे?” आणि मग, “एक विचारू? आमचा स्वभाव लिहून घेतेस, बरं आहे. त्या दोघांना विचारलेस का असले प्रश्न? पेटेत दुकानात बसलेत दोघं. जा की. विचार, राग पटकन येतो का. विचार, कोणाकोणावर येतो आणि कोणावर येत नाही.”

मुलीचं पेन थांबलं. ती खाली बघून म्हणाली, “मला तेवढी परवानगी नाही.”

“हं,” मंगला म्हणाली. “आम्हालाही नाही.”

ती मुलगी गेल्यावर मी मंगलाला विचारलं, “खोटं का बोललीस?”

“तू नाही बोललीस पिनेचं?”

“मी घाबरून बोलले.”

“मग मीही कशाने तरी बोलले असेन,” ती म्हणाली आणि माझ्या तोंडात घास घातला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आम्ही दोघी समजतो तितक्या वेगळ्या नाही. मी कबूल करत नव्हते, कारण त्याला राग येईल. ती कबूल करत नव्हती, कारण मग ती मार खाणारी ठरेल. मार दोघी खातच होतो.

कोणत्या बाजूने

पट्टी निघाली, घरी आले. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनमध्ये बसवलेला नवीन पडदा रुजायला वेळ लागेल, जपा. मी जपत होते. पण एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. एका कानाने ऐकताना आवाज कुठून येतो ते कळत नाही. भांडं पडलं तर ते मोरीत पडलं की माडीवर, समजत नाही. मला स्कूटर ऐकू यायची, पण ती गल्लीच्या तोंडाशी आहे की दाराशी, ते कळायचं नाही. जिन्यावर पाय वाजायचे आणि मी भलत्याच दाराकडे वळायचे.

ज्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं निभावलं, तीच गेली होती. मी घरात भिंतीला पाठ लावून काम करायला लागले. भाजीसुद्धा भिंतीला टेकून चिरायचे. सासूबाई म्हणायच्या, “हिला वेड लागलंय.” मला तहान लागली तरी मी पाण्याला उठायचे नाही, पाठ उघडी पडेल म्हणून.

एक दिवस तो मागे येऊन उभा होता आणि मला कळलंच नाही. त्याने काहीतरी विचारलं असावं, एकदा, दोनदा. मी वळले तेव्हा त्याचा हात आधीच उठलेला होता.

या वेळी मी खाली पडले आणि जमीन फिरायला लागली. डोळे मिटले तरी फिरत होती. पुढचे काही दिवस मी मोरीपर्यंत रांगत जात होते. उभी राहिले की घर एका बाजूला कलायचं आणि उलटी यायची. रघुनाथ माझ्या पायाशी बसून रडला. खरंच रडला, डोळे लाल झाले होते. आणि मी, चक्कर येत असताना, त्याला म्हणत होते, “असू दे, असू दे हो, बरी होईन मी.”

डॉक्टरांनी कान बघितला आणि आरसा कपाळावर वर सरकवला. “पडदा गेला. ते जाऊ दे, आतली नसही गेली. या कानाला आता काही करता येणार नाही.” मग रघुनाथकडे न बघता मला म्हणाले, “दुसरा कान सांभाळा.”

कसा सांभाळायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना तरी कुठे माहीत होतं?

हॉस्टेलचा पत्ता

तोल सावरण्यासाठी लीना मला व्यायाम शिकवत होती. रेषेवर चालायचं, नजर एका ठिकाणी ठेवून मान फिरवायची. त्यासाठी दर आठवड्याला इस्पितळात जावं लागे. मी रघुनाथला इतक्या गोड आवाजात विचारायचे की त्याने कधी नाही म्हटलं नाही. पुढे पुढे चक्कर बरीच कमी झाली, तरी मी जात राहिले. लीनाने एकदा मान फिरवताना, जणू व्यायामाचंच काही सांगतेय अशा आवाजात सांगितलं, महादेवपुऱ्याकडे कामाला जाणाऱ्या बायकांचं एक हॉस्टेल आहे, वॉर्डन ओळखीची आहे, जवळच कपड्यांचा कारखाना आहे, शिवण येत असेल तर काम मिळतं. मी मान फिरवत राहिले. उजवीकडे, डावीकडे.

मी निघाले यात शौर्य नव्हतं. भांडण करून निघायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून भांडण न करता जेवढी वाट दिसली तेवढी मी धरली. पण एक गोष्ट मला खात होती. मी गेले की सगळं मंगलावर येणार.

निघायच्या दिवशी ती माझ्याबरोबर इस्पितळात आली होती. फाटकाबाहेर कॉफीच्या टपरीशी मी तिला हॉस्टेलचं सांगितलं. तिने ग्लास खाली ठेवला.

“जा,” ती लगेच म्हणाली. “आत्ताच जा. घरी मी सांगते, डॉक्टरांनी ठेवून घेतलं.”

“तूही चल. स्वातीला शाळेतून घेऊ आणि तिघी जाऊ.” स्वाती तिची मुलगी, तेव्हा दुसरीत होती.

“मी? पळून जाऊ?” ती अशी बघायला लागली जणू मी तिला शिवी दिली. “माझं घर आहे ते. दुकानाची निम्मी कामं मी करते. मी का जाऊ? जायचं तर तो जाईल.”

“मंगला, तो जाणार नाही.”

“मी गेले की दत्ता सगळ्या पेटेत सांगत फिरेल, हरली म्हणून.”

“हरलीस तर हरलीस की गं!”

“तुला हरणं जमतं, अक्का,” ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, नुसतं सांगत होती. “मला नाही जमत. मी काय करू?”

आमच्यात घाबरट मी होते आणि सुटत होते मी. धीट ती होती आणि तिचा धीटपणाच तिला परत नेत होता. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, माझ्या पदराचं टोक नीट केलं आणि मला बसमध्ये चढवलं. कंडक्टरला कन्नडमध्ये ओरडून सांगितलं, हिला डाव्या बाजूने ऐकू येत नाही, स्टॉप आला की समोर येऊन सांग.

शिवणकामाचा हॉल

कारखान्यात मला काम मिळालं. मोठा हॉल, ओळीने मशीनं, सगळी एकदम चालू. तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही. बायका एकमेकींशी हाताने, डोळ्यांनी, ओठांनी बोलतात. पहिल्या दिवशी मी तिथे उभी राहिले आणि मला हलकं वाटलं. इथे मी इतरांसारखीच होते.

आई-वडील आले होते. आई म्हणाली, “तू असं करशील असं वाटलं नव्हतं. मंगलाने केलं असतं तर नवल नव्हतं.”

मंगलाने घरी डॉक्टरांचं कारण सांगितलं, ते एक रात्र टिकलं. पुढे तिच्याशी काय झालं ते मला तिने कधीच सांगितलं नाही. मला खबर लागली तेव्हा तिचा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये होता. मी इस्पितळात धावत गेले. मी विचारलं, “कोणी? दत्ताने की रघुनाथने?” ती भिंतीकडे बघत म्हणाली, “ओल्या मोरीत पडले.”

जन्मभर खिडक्या उघडून ओरडणारी माझी बहीण. मला म्हणत होती, पडले.

मी पोलीस ठाण्यात गेले. माझ्या स्वभावाला हे केवढं मोठं होतं ते मलाच माहीत. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, “तक्रार तिने द्यायला पाहिजे, अम्मा. ती म्हणते पडले.” मी बाकावर बसून राहिले. मग उठले. दुसरं काय करणार? वकिलाला विचारलं, मंडळातल्या मोठ्या बायकांना विचारलं. सगळे म्हणाले, तिला समजावा. मी समजावत होते. जेवढं समजावावं तेवढी ती ताठ व्हायची. शेवटी मी समजावणं थांबवलं, कारण त्या बोलण्यानंतर ती महिना-महिना यायची नाही. आणि तिचं येणं मला हवं होतं.

रविवार

आता माझी स्वतःची एक खोली आहे, कारखान्याजवळच. रविवारी दुकान बंद असतं, भाऊ दोघे कुठे ना कुठे जातात. तेव्हा मंगला कधी कधी स्वातीला घेऊन येते. आपण का आलो ते सांगत नाही. “भाजी स्वस्त मिळते तुमच्याकडे,” म्हणते. तिचा हात नीट बसला नाही. कणीक मळताना मूठ पुरती वळत नाही. मी बघते आणि दुसरीकडे बघते.

मागच्या रविवारी आली. जेवलो. स्वाती खाली शेजारच्या मुलींबरोबर खेळायला गेली. मंगला म्हणाली, “जरा पाठ टेकते,” आणि चटईवर आडवी झाली. मी भांडी घासून आले तोवर तिला गाढ झोप लागली होती. तोंड उघडं, प्लास्टरमधून निघालेला तो बारीक झालेला हात पोटावर. लहानपणी झोपेतसुद्धा तिच्या कपाळाला आठी असायची. आता नव्हती.

मी दाराला आतून कडी घातली. पंखा तिच्याकडे वळवला. घरच्या शिलाई मशीनवर काम पडलं होतं, पण आवाज होईल म्हणून बसले नाही. तिच्या उशाशी बसून राहिले. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, भिंतीवरून छताकडे गेलं. मला वाटत होतं, ती अशीच झोपून राहावी. उद्या उठावी, परवा उठावी.

ती दचकून उठली. “अगं, अंधार पडायला आला! उठवलं का नाहीस?”

“झोपली होतीस.”

“झोपली होतीस म्हणे.” ती भराभर केस बांधायला लागली. एका हाताने नीट जमेना, तेव्हा मी तिच्या मागे बसून अंबाडा घालून दिला. मी शक्य तेवढा वेळ लावला. केस सोडून पुन्हा विंचरले, पिना एकेक करून लावल्या. शेवटी ती म्हणाली, “पुरे की अक्का, किती घट्ट बांधतेस,” आणि उठून तिने दाराची कडी काढली.